कूलंट जातंय कुठं?

आपल्यातले काही गट भाजीपाला, संत्री, मसाले स्वतःच्या गाडीने कळमना मार्केटला नेतात. गाडी बहुतेक जुनी, टर्बो डिझेल पिकअप. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर गेला की हीच गाडी रस्त्यात तापते. मिस्त्री म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल," आणि गटाची वर्षभराची बचत डोळ्यांपुढे येते. म्हणून इंजिन खोलण्याआधी काय काय पाहायचं, ते आज सांगतो.

टर्बो म्हणजे धुराच्या जोराने फिरणारी चक्की. ती इंजिनात जादा हवा कोंबते. त्याने ताकद वाढते, तशी उष्णताही. ही उष्णता कूलंट रेडिएटरपर्यंत नेतं. कूलंट डिझेलसारखं जळून संपत नाही. दर आठवड्याला टाकावं लागत असेल, तर ते कुठेतरी जातंय. त्याच्या वाटा तीन.

पहिली वाट जमिनीवर. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवा. सकाळी हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी चिकट डाग दिसला, तर ते कूलंट. काळा डाग ऑइलचा. डागाच्या बरोबर वर पाहा: रेडिएटर, वॉटर पंप, रबरी पाइप, त्यांच्या क्लिपा. सैल क्लिप किंवा चिरलेला पाइप हे काम थोडक्यात होतं.

दुसरी वाट फसवी. टर्बोजवळ रबर लवकर कडक होऊन तडकतं. काही गाड्यांत टर्बोतूनही कूलंटच्या बारीक नळ्या जातात. तिथला थेंब गरम लोखंडावरच वाळतो, पुठ्ठा कोरा राहतो. गार इंजिनावर बॅटरी मारून पांढरट किंवा रंगीत खपली शोधा. गाडी उभी केल्यावर गोडसर वास येतो का, तेही पाहा.

तिसरी वाट इंजिनाच्या आत. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो, किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. मग गाडी चालवू नका. हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. काही गाड्यांत धूर थंड करणारा ईजीआर कूलर फुटूनही कूलंट धुरासोबत जातं.

काहीच सापडलं नाही, तर मिस्त्रीला प्रेशर टेस्ट करायला सांगा. गार इंजिनावर हातपंपाने, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात. काटा खाली आला तर गळती आहे. झाकणही तपासून घ्या. त्याचं रबर गेलं की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं.

आता जिवाचं. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं कूलंट उसळून तोंड-हात भाजतात. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. कूलंट गोड असतं, पण विषारी. सांडलेलं लगेच धुवा, डबा लेकरांपासून, वासरा-कुत्र्यांपासून दूर ठेवा. बोअरचं जड पाणी ओतू नका, क्षार साचून रेडिएटर बंद होतो. कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच मिसळा.

गटाच्या वहीत एक पान गाडीचं करा: तारीख, किलोमीटर, किती कूलंट टाकलं, डाग कुठे दिसला. मिस्त्रीकडे जाताना ती वही सोबत न्या, आणि आधी टेस्ट, मगच इंजिन खोलायचं, असं स्पष्ट सांगा.