बसतं, पण दिसत नाही

दुर्बीण नवी असते तेव्हा माणूस शनीची कडी बघतो. ती जुनी झाली की तो दुसऱ्यांचे आयपीस हाताळायला लागतो. मग एके दिवशी मित्राचा एखादा आयपीस खिशात घालून घरी येतो आणि तो आपल्या दुर्बिणीत बसत नाही असं त्याच्या लक्षात येतं. अडॅप्टरची गोष्ट इथून सुरू होते. पुण्यात आमच्या गच्चीवर पावसाळा सोडून बाकी महिने दुर्बिणी लागतात. त्यामुळे अशी माणसं आणि त्यांच्या पिशव्यांतल्या रिंगा बऱ्याच पाहण्यात आल्या आहेत. त्यातल्या बहुतेकांची अडचण एकच असते. रिंग घट्ट, चपखल बसते आणि तरीही चंद्राची कड स्पष्ट होत नाही.

बसण्याचा प्रश्न तसा सोपा, कारण मापं मोजकी आहेत. आयपीसच्या नळीचा बाहेरचा व्यास सव्वा इंच असतो, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर, नाहीतर दोन इंच, म्हणजे ५०.८. तिसरं माप जुनं, ०.९६५ इंचांचं. व्हर्निअरवर ते २४.५ मिलिमीटर भरतं. माळ्यावरून काढलेल्या ६० मिलिमीटर भिंगाच्या जपानी धाटणीच्या दुर्बिणी बहुधा या मापाच्या असतात. त्यांच्यासोबतच्या आयपीसांवर 'एच २०' किंवा 'एसआर ४' असं कोरलेलं दिसतं. एच म्हणजे हायगेन्स, एसआर म्हणजे सिमेट्रिकल रॅम्सडेन. दोन्ही रचना जुन्या, दोन्हींत डोळा अगदी भिंगाला चिकटवावा लागतो. अशा दुर्बिणीचं नाभीय अंतर साधारण ७०० मिलिमीटर. चार मिलिमीटरचा आयपीस तिला १७५ पट मोठं दाखवायला लावतो, आणि ६० मिलिमीटरचं भिंग १२० पटींच्या पुढे काही देत नाही. गुरू मोठा दिसतो, पण ढगात बुडाल्यासारखा.

सोसायटीतले एक काका अशीच एक दुर्बीण घेऊन आले होते. आयपीस बदलायचे हे त्यांनी ठरवलंच होतं. चांगले आयपीस आता सव्वा इंचातच मिळतात, म्हणून २४.५च्या भोकात सव्वा इंची आयपीस धरणारा अडॅप्टरही त्यांनी आणला होता. खाली बारीक नळी, वर रुंद तोंड. असा अडॅप्टर आयपीसला आधीच्या जागेपासून दोन-अडीच सेंटीमीटर मागे नेऊन बसवतो. तेवढं अंतर फोकसरला, म्हणजे आयपीस आतबाहेर करणाऱ्या नळीला, आत जाऊन भरून काढावं लागतं. जागा असेल तर ठीक, नसेल तर या अडॅप्टरचा उपयोग नाही. अशा वेळी प्रकाश काटकोनात वळवणारा जुना डायगोनल काढून 'हायब्रिड' डायगोनल लावावा. त्याचं नाक २४.५चं आणि तोंड सव्वा इंची असतं, त्यामुळे वेगळी रिंग लागत नाही आणि अंतर वाचतं. काकांना तोच सुचवला. एक मर्यादा मात्र राहतेच. प्रकाश त्याच बारीक नळीतून येतो, म्हणून ३२ मिलिमीटरच्या रुंद आयपीससाठी पैसे घालण्यात अर्थ नसतो. १० ते २० मिलिमीटरचे घ्यावेत.

हाच नियम वरच्या मापालाही लागू. सव्वा इंची फोकसरवर दोन इंची आयपीस बसवणारे अडॅप्टर मिळतात. आयपीस बसतो, पण गळा सव्वा इंचाचाच राहतो आणि दृश्याच्या कडा काळवंडतात. सव्वा इंचाच्या नळीत दृश्याची चौकट फार तर २७ मिलिमीटरची होते, दोन इंचांत ४६ पर्यंत जाते. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आठ इंची दुर्बिणीत पहिलीने आकाशाचा १.३ अंश दिसतो, दुसरीने २.२ अंश. कृत्तिकेचे ठळक तारे पहिलीत कसेबसे मावतात, दुसरीत ऐसपैस. हा फायदा हवा असेल तर फोकसरच दोन इंची पाहिजे. मग त्यात सव्वा इंची आयपीस बसवण्यासाठी रिड्यूसर लागतो आणि तो निवडताना खरी परीक्षा होते.

रिड्यूसर घेताना दुकानात लोक व्यास विचारतात. विचारायला हवी उंची. फोकसरच्या तोंडापासून आयपीसचा खांदा किती वर टेकतो, हे माप. काही रिड्यूसर चार-पाच मिलिमीटरचे असतात, काही तीन सेंटीमीटरचे. न्यूटनीय दुर्बिणीत हा फरक निर्णायक ठरतो. तिच्यातला दुय्यम आरसा लहान ठेवायचा म्हणून प्रतिमा नळीच्या शक्य तितक्या जवळ पाडलेली असते, आणि आत जायला फोकसरकडे फारशी वाट नसते. लांबी कमी पडली तर एक्स्टेन्शन नळी जोडता येते. लांबी जास्त झाली तर कापायला काहीच नसतं.

ती वाट किती आहे हे मोजायला चंद्र आणि ट्रेसिंग पेपरचा तुकडा पुरतो. आयपीस काढायचा, अडॅप्टरही काढायचा. फोकसरच्या उघड्या तोंडावर कागद ताणून धरायचा आणि दुर्बीण चंद्राकडे वळवायची. आधी कागदावर नुसता उजेडाचा धब्बा येतो. चाक फिरवत गेलं की तो आकसतो, कड धरतो, आणि एका जागी कागदावर चंद्रच उमटतो: १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत अकरा मिलिमीटरचा, समुद्रांच्या काळसर डागांसकट. मुलं इथे हमखास ओरडतात. प्रतिमा नेमकी फोकसरच्या तोंडाशी पडली आहे, हे आता डोळ्यांसमोर असतं. तिथे नळीवर पेन्सिलने खूण करायची, फोकसर पूर्ण आत घ्यायचा आणि खूण किती सरकली ते मोजायचं. जेवढे मिलिमीटर, तेवढीच अडॅप्टरची कमाल उंची. हा प्रयोग फक्त चंद्रावर. सूर्याकडे दुर्बीण वळवली तर कागद पेटेल आणि डोळा कायमचा जाईल.

दिवसा समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवर हीच तपासणी उरकली तर फसगत होते. जवळच्या वस्तूची प्रतिमा बाहेरच्या बाजूला पडते. १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत शंभर मीटरवरच्या टाकीसाठी ती तब्बल चौदा मिलिमीटर बाहेर सरकते. म्हणजे टाकीवरचं कंपनीचं नाव लख्ख वाचता येतं आणि रात्री त्याच अडॅप्टरवर चंद्र काही केल्या जुळत नाही. दुकानदाराने दिवसा 'बघा, किती क्लिअर' म्हणून दाखवलेला अडॅप्टर म्हणूनच घरी येऊन रुसतो.

कॅमेऱ्याचा प्रश्न याच अंतराचा, फक्त मोठ्या मापात. डीएसएलआर दुर्बिणीला टी-रिंगने जोडतात. टी-रिंगची पद्धत टॅमरॉन या जपानी कंपनीने १९५७ साली लेन्ससाठी आणली. आज तिच्यात ४२ मिलिमीटर व्यासाचे, ०.७५ पिचचे आटे आणि सेन्सरपर्यंत ५५ मिलिमीटर अंतर हे ठरलेलं असतं. कॅननच्या जुन्या माउंटचे ४४ आणि रिंगचे ११, निकॉनचे ४६.५ आणि रिंगचे ८.५, बेरीज सगळीकडे ५५. डोळ्याने पाहताना प्रतिमा आयपीसच्या खांद्याजवळ असते. कॅमेऱ्यात तीच ५५ मिलिमीटर मागे हवी, म्हणजे फोकसर तेवढा आत जायला हवा. अठरा-वीस मिलिमीटर शिल्लक असलेल्या दुर्बिणीत ते होणार कसं? मिररलेस कॅमेरा पातळ असतो, सोनीचा सेन्सर माउंटपासून १८ मिलिमीटरवर, म्हणून तो घेतला की सुटलो असं अनेकांना वाटतं. पण त्याची नेहमीची टी-रिंग मुद्दाम ३७ मिलिमीटर जाड केलेली असते, बेरीज ५५ व्हावी म्हणून. पातळ कॅमेऱ्याचा फायदा घ्यायचा तर 'लो प्रोफाइल' अडॅप्टरच शोधावा लागतो.

दुसरा मार्ग बार्लो भिंगाचा. ते प्रतिमा मागे ढकलतं आणि कॅमेरा फोकसमध्ये येतो. किंमत अशी की दुप्पट बार्लोने अकरा मिलिमीटरचा चंद्र बावीसचा होतो आणि नेहमीच्या एपीएस-सी सेन्सरची उंची पंधरा-सोळा मिलिमीटरच असते. विवरांसाठी उत्तम, पूर्ण चंद्रासाठी निरुपयोगी. काही जण मुख्य आरसा नळीत वर सरकवतात, पण ते नवशिक्याचं काम नव्हे. भिंगाच्या दुर्बिणीत हा त्रास सहसा होत नाही. डायगोनल काढला की त्याने खाल्लेलं सहा-सात सेंटीमीटर अंतर कॅमेऱ्याला मिळतं. आणि फक्त मोबाइलने चंद्र टिपायचा असेल तर या भानगडीत पडूच नये. मोबाइल आयपीसच्या मागे, डोळ्याच्या जागी बसतो, फोकस होता तिथेच राहतो. तिथे फक्त आयपीसच्या बाहेरच्या अंगाला क्लॅम्प नीट धरतो का, एवढंच पाहायचं.

आट्यांच्या बाबतीत एक सापळा सांगायला हवा. जुन्या प्रॅक्टिका, पेंटॅक्स कॅमेऱ्यांच्या लेन्सचे आटेही ४२ मिलिमीटरचेच, पण पिच १ मिलिमीटर. ती रिंग टी-अडॅप्टरवर एक-दीड फेरा छान फिरते आणि मग अडकते. जोर लावला तर अॅल्युमिनिअमचे आटे सोलले जातात. अडकलं की थांबावं आणि पिच गेज लावावा.

पकड कशी आहे हेही हाताने पाहावं. साध्या रिड्यूसरमध्ये एकच स्क्रू आयपीसवर थेट टोचतो, चरा पाडतो आणि आयपीसला एका बाजूला रेटतो. आत पितळी पट्टीची रिंग असेल तर दाब पसरतो. आरसे जुळवायचा लेसर लावला की हे फार स्पष्ट दिसतं. मुख्य आरशाच्या मध्यखुणेवर लाल ठिपका आणून ठेवायचा आणि स्क्रू सैल-घट्ट करत राहायचं. ढिल्या अडॅप्टरमध्ये ठिपका दरवेळी वेगळ्या जागी उडी मारतो. आरसे बिघडलेत असं समजून माणूस तासभर ते फिरवत बसतो आणि दोष असतो त्या रिंगेचा.

आरसा स्वतः घासून दुर्बीण करणाऱ्यांची महाराष्ट्रात चांगली परंपरा आहे. आयुकाने त्यासाठी कार्यशाळा घेतल्या आणि पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. घरच्या दुर्बिणीचा फोकसरही कधी घरचाच असतो आणि तिला बाजारातला अडॅप्टर जुळेलच असं नाही. एका मित्राच्या अशाच आठ इंची दुर्बिणीत कागदावरच्या चंद्राने अठरा मिलिमीटर सांगितले. हाती असलेला रिड्यूसर तीस मिलिमीटर उंच होता. मग ड्रॉइंग घेऊन भोसरीतल्या एका लेथवर गेलो.

टर्नरने कागद पाहिला. "व्यासाला शतांश मागताय आणि उंचीला नुसतं 'जमेल तेवढी कमी'?"

"उंची सहाच्या वर नको."

"स्क्रूला जागा लागेल की! चार एमएमचा स्क्रू सहाच्या कॉलरमध्ये टॅप केला तर भिंत राहणार किती?"

शेवटी तीन मिलिमीटरचे दोन स्क्रू ठरले, एकमेकांपासून १२० अंशांवर, म्हणजे आयपीस दरवेळी समोरच्या त्याच भिंतीला टेकेल. साठ मिलिमीटरचा अॅल्युमिनिअम रॉड चकमध्ये आवळला, फेसिंग झालं, टेलस्टॉकमधून ड्रिल आत गेलं, मग बोअरिंग बारने भोक मोठं होत गेलं. मधूनमधून तो ब्रशने रॉकेल सोडत होता, टूलला अॅल्युमिनिअम चिकटू नये म्हणून. बोअर ३१.८ आणि बाहेरचा व्यास ५०.७ त्याने एकाच पकडीत काढले. रॉड सोडून उलटा धरला असता तर दोन्ही वर्तुळांचं केंद्र जुळलं नसतं आणि लेसरचा ठिपका पुन्हा भटकला असता. शेवटचा कट घेण्याआधी त्याने जॉब थंड होऊ दिला. गरम अॅल्युमिनिअम दोन-तीन शतांशांनी फुगलेलं असतं, आणि तेवढ्या फरकाने सरकता आयपीस अडकू शकतो. बोअरच्या आत त्याच्याकडून बारीक आटेही पाडून घेतले आणि वर मॅट काळा रंग दिला. चकचकीत भिंतीवरून परावर्तित झालेला उजेड चंद्राभोवती धुकं आणतो.

अठरातून सहा गेले, बारा उरले. मित्राला ते जास्त वाटले, पण ते राखून ठेवायचेच असतात. चष्मा काढून पाहणाऱ्या ऱ्हस्वदृष्टीच्या माणसाला फोकसर आत घ्यावा लागतो. ३२ मिलिमीटरचा आयपीस आणि उणे सहा नंबर असेल तर सहा मिलिमीटर आत. आयपीस बदलला की फोकसची जागाही दोन-चार मिलिमीटर मागेपुढे होते. कृत्तिका बघायला गच्चीवर रांग लागते तेव्हा निम्म्या मुलांना चष्मा असतो. अडॅप्टरची उंची ठरवताना हिशेब त्या रांगेतल्या सगळ्यात जाड चष्म्याचा धरावा, स्वतःच्या डोळ्याचा नाही.