परतीची वाट शाळेनंच आखायची असते

मी गणिताची शिक्षिका. शिकले सांगलीत. लग्नानंतर टेक्ससला आले, इथलं शिक्षकाचं सर्टिफिकेट घेतलं आणि आता ह्यूस्टनजवळच्या एका शाळेत शिकवते. या शाळेत कुणी आपण होऊन नाव घालत नाही. मारामारी केली, दप्तरात गांजा सापडला, बाथरूममध्ये व्हेप (ई-सिगारेट) ओढताना पकडलं, शिक्षकाला धमकी दिली, अशा कारणांनी ज्यांना आपल्या शाळेतून काही आठवड्यांसाठी बाहेर काढलं जातं ती सहावी ते बारावीची मुलं आमच्याकडे येतात. या व्यवस्थेचं नाव डिसिप्लिनरी आल्टरनेटिव्ह एज्युकेशन प्रोग्रॅम. सगळे 'डीएईपी' म्हणतात. टेक्ससमधल्या प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला ती चालवावीच लागते, स्वतंत्रपणे किंवा शेजारच्या डिस्ट्रिक्टशी मिळून.

सांगलीचे नातेवाईक विचारतात, "म्हणजे रिमांड होम का गं?" नाही. रिमांड होममध्ये मूल कायद्याच्या यंत्रणेमार्फत जातं, तिथेच राहतं. आमची मुलं रोज शाळा सुटल्यावर घरी जातात आणि त्यांना आमच्याकडे पाठवण्याचा निर्णय शाळेनं घेतलेला असतो.

पूर्वी अशा मुलाला सरळ घरी बसवत. आई-बाप कामावर, मूल रस्त्यावर किंवा मोबाइलवर. त्याची बाजू ऐकून घेण्याचंही बंधन शाळेवर नव्हतं. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात १९७१ साली काही विद्यार्थ्यांना सुनावणीशिवाय दहा दिवसांपर्यंत सस्पेंड केलं गेलं. त्यांतल्या ड्वाइट लोपेझ या मुलाच्या नावानं ओळखला जाणारा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. जानेवारी १९७५ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं निकाल लागला: शिक्षण हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. थोड्या दिवसांसाठी तो काढून घ्यायचा असला, तरी आरोप काय आहे ते मुलाला सांगा आणि त्याचं म्हणणं ऐका. आज अमेरिकेतल्या प्रत्येक सरकारी शाळेला हे पाळावं लागतं.

नंतर वारं उलटं फिरलं. शाळांमधल्या हिंसाचाराच्या धास्तीनं १९९४ साली केंद्राचा कायदा आला. शाळेत बंदूक आणणाऱ्याला किमान वर्षभर बाहेर ठेवा, असं त्यानं सांगितलं. 'झीरो टॉलरन्स' हा शब्द तेव्हापासून रुळला आणि बंदुकीपुरता न राहता उद्धटपणा, वर्गातला गोंधळ, शिवीगाळ इथपर्यंत पसरला. टेक्ससनं १९९५ साली आपला शिक्षण कायदा नव्यानं लिहिला, त्यातून डीएईपी उभ्या राहिल्या. कल्पना चांगली होती. मुलाला वर्गातून काढायचंच असेल तर घरी बसवू नका, दुसऱ्या वर्गात बसवा. घरी पाठवण्याची शिक्षा टेक्ससमध्ये एका वेळी तीन दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही, हे याच विचारातून आलं.

काढलं जातं कुणाला आणि कशासाठी? २०११ साली टेक्ससच्या जवळपास दहा लाख विद्यार्थ्यांचा सातवीपासून किमान सहा वर्षांचा माग काढणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ६० टक्के मुलांना सातवी ते बारावीच्या दरम्यान एकदा तरी सस्पेंड केलं गेलं होतं किंवा काढून टाकलं होतं. कायद्यानं सक्तीची ठरवलेली कारवाई त्यात अवघी तीन टक्के होती. बाकी सगळी शाळेच्या मर्जीतली. कृष्णवर्णीय आणि भावनिक किंवा शिकण्याच्या अडचणी असलेल्या मुलांच्या वाट्याला ती जास्त आली होती. अशी कारवाई झालेल्या मुलांपैकी ३१ टक्के किमान एकदा त्याच इयत्तेत मागे राहिली. हे आकडे माझ्या हजेरीपटावर मला रोज दिसतात.

आमचा दिवस सुरू होतो तो मेटल डिटेक्टरनं. मोबाइल काढून घेतला जातो, खिसे तपासले जातात, दप्तर आणू देत नाहीत. शर्टाचा रंग ठरलेला. जेवणाच्या रांगेतही बोलायचं नाही. मधल्या सुट्टीचा गलका, मॅच, बँड, यांतलं काही नाही. मूल इथे असेपर्यंत त्याला आपल्या मूळ शाळेच्या आवारातही पाऊल टाकता येत नाही. ही शिस्त काही अंशी लागते, कारण भांडणं इथंही होतात. पण पहिल्या दिवशी खिसे उलटे करून उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलाला जे वाटतं, त्याच्यावर मी त्या दिवशी गणित लादत नाही. नाव विचारते, जेवला का विचारते, आणि मूळ शाळेत धडा कुठवर आला होता ते विचारते.

खरी अडचण त्या तिसऱ्या प्रश्नात असते. पंधरा मुलांमागे एक शिक्षक, हे प्रमाण नियमानं ठरलेलं आहे. ऐकायला सुखाचं. पण माझ्यासमोरची मुलं पाच-सहा वेगवेगळ्या शाळांमधून आलेली असतात. कुणी अपूर्णांकात अडकलेलं, कुणी रेषीय समीकरणांत, कुणी वर्गसमीकरणांत. दर सोमवारी नवी येतात, दर शुक्रवारी काही जातात. त्यात कायद्यानं आमच्यावर इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास एवढेच विषय आणि स्वयंशिस्त शिकवण्याचं बंधन आहे. मुलानं तिकडे स्पॅनिश, रोबोटिक्स किंवा व्हायोलिन घेतलं असेल तर ते इथे मिळेलच असं नाही. पुष्कळ ठिकाणी मग कॉम्प्युटरवरचा कोर्स लावून देतात. मूल व्हिडिओ पुढे ढकलत राहतं, बहुपर्यायी प्रश्नांवर ठोकताळ्यानं टिचकी मारतं आणि पडद्यावर 'पूर्ण' असा शेरा उमटतो. त्याला मी शिक्षण म्हणत नाही.

इथल्या हायस्कूलच्या पदवीला किमान २२ क्रेडिट लागतात आणि आल्जिब्रा वनसकट पाच विषयांची राज्य परीक्षा द्यावी लागते. मार्चमध्ये काढलेला नववीचा मुलगा सहा आठवडे इथे बसतो, तेव्हा त्याचं वर्ष पणाला लागलेलं असतं. असाच एक माझ्याकडे होता. वर्गात खुर्ची फेकली म्हणून आलेला. पहिले कितीतरी दिवस वही उघडेना. एकदा त्याच्या वडिलांच्या टाइल्स बसवण्याच्या कामाचा विषय निघाला, तर खोलीचं माप सांगून किती टाइल्स लागतील, तुटफुटीसाठी किती जास्त घ्यायच्या, हे त्यानं तोंडी सांगितलं. मी तेच फळ्यावर 'क्ष' घालून लिहिलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "एवढंच असतं होय हे?" सातवीपासून त्याला गणित कळत नव्हतं. कळत नाही हे कुणासमोर उघड होऊ नये, म्हणून तो वर्गात धिंगाणा घालत होता. वर्गाबाहेर काढल्यावर त्याची सुटकाच होत होती. अशी मुलं माझ्याकडे फार येतात.

आपली मुलंही येतात. २०२३ च्या सप्टेंबरपासून टेक्ससनं शाळेत व्हेप सापडलेल्या मुलाला डीएईपीत पाठवणं सक्तीचं केलं आणि राज्यभर या शाळा भरून वाहू लागल्या. पहिल्या गुन्ह्यासाठी ही सक्ती २०२५ मध्ये सैल करावी लागली. त्या काळात एका संध्याकाळी फोन आला. "ताई, तुमचं आडनाव वेबसाइटवर बघितलं म्हणून धीर करून फोन केला." पुण्याकडची बाई, नवरा आयटीत, मुलगा दहावीत. रडत होती. "सासूबाईंना काय सांगू? माझ्या मुलाला गुन्हेगारांच्या शाळेत घातलंय हो." शाळेचं पत्र आल्या आल्या नवरा-बायकोनं सही करून टाकली होती. वाद घातला तर व्हिसावर परिणाम होईल, अशी भीती.

तिला जे सांगितलं ते सगळ्याच पालकांनी लक्षात ठेवावं. मुलाला वर्गातून काढल्यावर तीन शालेय दिवसांच्या आत शाळेला पालकांबरोबर बैठक ठरवावी लागते. तिथे मुलाची बाजू मांडता येते. त्यानं हे स्वतःच्या बचावासाठी केलं का, त्यामागे हेतू होता का, आधी कधी काही झालं होतं का, याचा विचार करणं शाळेवर बंधनकारक आहे. मूल स्पेशल एज्युकेशनमध्ये असेल, तर दहा दिवसांहून जास्त काळ बाहेर ठेवण्याआधी वेगळी बैठक घ्यावी लागते आणि हे वागणं त्याच्या अडचणीतूनच आलं का, हे तपासावं लागतं. यात व्हिसाचा संबंध नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्याच बैठकीत विचारा: माझं मूल परत कधी येणार, आणि परत येईल तेव्हा त्याच्यासाठी काय तयारी असेल?

कारण माझ्या अनुभवात मुलं इथे बिघडत नाहीत, परतताना निसटतात. सहा आठवड्यांत इथे घडी बसलेली असते. मग एका सोमवारी मूल पंधराशे मुलांच्या शाळेत एकटं परत जातं. वर्ग दोन धडे पुढे गेलेला, शिक्षकांच्या मनात राग, जुने भिडू दारात. काही दिवसांत ते पुन्हा आमच्याकडे. २०१९ साली टेक्ससनं यावर कायदा केला. परतणाऱ्या प्रत्येक मुलासाठी त्याच्या शाळेनं वेगळी परतीची योजना करायची. आम्ही त्याची प्रगती आणि त्याच्या वागण्याबद्दलचं निरीक्षण लिहून पाठवायचं, तिकडे समुपदेशक आणि शिक्षकांनी ते वाचून मूल सामावून घ्यायचं. जिथे हे मनापासून होतं, जिथे आमच्याकडचा कुणी पहिले काही दिवस फोन करून चौकशी करत राहतो, तिथे मूल टिकतं. जिथे फॉर्म भरून फाइलला लागतो, तिथे नाही.

इतर ठिकाणांहून शिकण्यासारखंही आहे. इंग्लंडमध्ये सस्पेंड केलेल्या मुलासाठी सहाव्या शालेय दिवसापासून पूर्णवेळ शिक्षणाची सोय शाळेला करावीच लागते. कॅलिफोर्नियानं 'मुद्दाम अवज्ञा' या मोघम कारणावरून सस्पेंड करण्यावरची बंदी टप्प्याटप्प्यानं वाढवत जुलै २०२४ पासून बारावीपर्यंत नेली. उद्धटपणाला शाळेनं उत्तर द्यायचं, पण शाळेतच ठेवून.

आणि महाराष्ट्र? २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळालाही त्यात मनाई आहे. पण नववी उजाडली की हे कवच संपतं. मग मुख्याध्यापक पालकांना बोलावून म्हणतात, "दाखला घेऊन जा, आम्ही शेरा चांगला देतो." कागदावर मुलाला कुणी काढलेलं नसतं, त्यानं शाळा 'सोडलेली' असते. पुढे बाहेरून दहावीला बसायला १७ नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. नोकरी करत शिकणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार आहे. पण चौदा वर्षांच्या चिडलेल्या मुलाला फॉर्म पुरत नाही. त्याला रोज समोर बसणारं माणूस लागतं.

आमच्या मेटल डिटेक्टरची नक्कल महाराष्ट्रानं मुळीच करू नये. घ्यायच्या त्या तीनच गोष्टी. दाखला हातात देण्याआधी मुलाचं म्हणणं ऐकून ते लिहून ठेवण्याची सक्ती. वर्गाबाहेर ठेवलंच, तर पहिल्या दिवसापासून शिकवण्याची सोय, तालुक्यातल्या चार-पाच शाळांनी मिळून केली तरी चालेल. आणि मूल बाहेर जाण्याआधीच ठरलेली परतीची तारीख, त्याला वर्गात घेणाऱ्या शिक्षकाच्या नावासकट. ही तारीख आणि हे नाव ज्या शाळेला लिहिता येत नाही, त्या शाळेला मुलाला बाहेर काढण्याचा अधिकार असू नये.