लिव्ह अँड लायसन्स करार
लिव्ह अँड लायसन्स करार हा ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याची परवानगी देणारा करार आहे. महाराष्ट्रात सदनिका भाड्याने घेताना बहुधा हाच करार केला जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मात्र मुदत संपूनही ताबा न सोडल्यास कलम २४ नुसार भाडेकरूला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. त्यामुळे मुदत, अनामत रकमेचा परतावा, देखभाल शुल्क आणि मुदतपूर्व घर सोडण्याची पूर्वसूचना यांविषयीच्या अटी सही करण्यापूर्वी करारात तपासणे आवश्यक ठरते.