व्हिडिओ अटकतोय? थांबा, पीसी भंगारात काढू नका!

दिवाळीला पुण्याहून अकोल्याला किंवा अमरावतीला गेलात, की फराळाच्या आधी हा प्रश्न येतोच. ‘काय रे, हा कॉम्प्युटर काहून अटकून रायला? पाय ना जरा.’ तुम्ही बँकेत असा नाही तर एचआरमध्ये, बाबांच्या लेखी तुम्ही इंजिनिअरच! समोर असतो तुमच्याच कॉलेजच्या काळातला पीसी. मेल, लाइट बिल, पत्त्यांचा गेम सगळं नीट चालतं. पण ताईच्या लग्नाच्या व्हिडिओवर डबल क्लिक केलं, की माउससुद्धा हलेना. चौकातल्या दुकानाचा सल्ला ठरलेला असतो, ‘जुना झाला, नवा घ्या.’ म्हणजे तीस-चाळीस हजारांना फोडणी.

जरा दम धरा बॉस. व्हिडिओ उघडतानाच मशीन हँग होतं, यातच अर्धं उत्तर दडलेलं आहे.

गंमत बघा. तोच व्हिडिओ मोबाइलवर मस्त चालतो. का? कारण व्हिडिओ उलगडण्यासाठी मोबाइलच्या चिपमध्ये वेगळं सर्किट असतं. आजचे बरेच फोन एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी फॉरमॅटमध्ये शूट करतात. आयफोनमध्ये तर २०१७ पासून तेच डिफॉल्ट आहे. हे स्टँडर्ड २०१३ मध्ये आलं. २००३ च्या एच.२६४ च्या मानाने फाइल साधारण निम्म्या आकाराची होते, पण ती उलगडायला डोकं जास्त चालवावं लागतं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये हे काम पूर्णपणे करणारं सर्किट सहाव्या पिढीत, म्हणजे २०१५ मध्ये आलं. आणि एचडीआरवाले १० बिटचे व्हिडिओ झेपायला सातवी पिढी लागते. त्याआधीचा पीसी सगळी मेहनत मुख्य प्रोसेसरकडून करून घेतो. फोर-के फाइल आली की त्याचा घाम निघतो.

खरंच तसं होतंय का, ते बघायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. व्हिडिओ सुरू करा आणि आकडे बघा. सीपीयू शंभर टक्क्यांना टेकला, तर दोष फॉरमॅटचा. आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा, व्हीएलसीची नवी आवृत्ती टाका. सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे ना, तेही बघा. तरी जमेना, तर हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरने १०८० पिक्सेलची एच.२६४ कॉपी बनवा. रात्री लावून झोपा, सकाळी तयार. ओरिजिनल मात्र डिलीट करायचं नाही हं! आणि फाइल नव्हे, नुसता फोल्डर उघडतानाच अटकत असेल, तर विंडोज प्रत्येक व्हिडिओचं चिमुकलं चित्र बनवत बसलेलं असतं. फोल्डर ऑप्शन्समध्ये थंबनेल बंद करा, विषय संपला.

आता खास वऱ्हाडी टेस्ट. सकाळी सातला झक्कास चालणारी फाइल दुपारी तीनला अटकते का? मग दोष उन्हाचा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं ही आता बातमीही उरलेली नाही. इंटेलचे बरेच प्रोसेसर आतून १०० अंशांच्या आसपास तापले, की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतात. खोलीच ४० अंशांवर असेल, तर तिथवर पोचायला कितीसा वेळ? त्यात पंख्यावर वर्षानुवर्षांचा फुफाटा. प्लग काढा, कॅबिनेट उघडा, पंखा बोटाने धरून ब्रश किंवा ब्लोअर मारा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर दुकानदाराकडून नवी लावून घ्या. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर मात्र नको. खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचा पांढरा थर कूलरच्या जाळीवर दिसतो ना? त्याच पाण्याचे तुषार मदरबोर्डवर कशाला!

इथवरची सगळी दुखणी चहा पितापिता बरी होणारी आहेत. एकाच गोष्टीला घाबरायला हवं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू निवांत आहे, पण डिस्क शंभर टक्के आणि वाचण्याचा वेग अगदीच किरकोळ? फाइल ठराविक जागीच थबकते? आतून टकटक आवाज येतो? मग व्हिडिओ अटकत नाहीये, हार्ड डिस्क मरायला टेकली आहे. लग्नाच्या त्या फाइलमध्ये आता नसलेले आजोबा अक्षता टाकताना दिसतात, आणि तिची दुसरी कॉपी कुठेच नसते. अशा वेळी डिस्क स्कॅन करू नका, डिफ्रॅग तर नकोच. थकलेल्या डिस्कला त्याने आणखी पळवल्यासारखं होतं. आधी बाहेरची हार्ड डिस्क जोडा आणि परत न मिळणारं तेवढं पहिल्यांदा कॉपी करा, सिनेमे नंतर. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं, पण तेही कॉपीनंतरच. टकटक सुरूच असेल तर पीसी बंद करून डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. घरी पुन्हा पुन्हा चालू करून बघण्यात उरलंसुरलंही जातं.

डेटा वाचला, की जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी टाका. तोच पीसी ओळखू येणार नाही. दुकानदाराचं एक म्हणणं मात्र मान्य करावं लागेल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. बाबा त्याच पीसीवर बँकेचे व्यवहार करत असतील, तर नव्याचा विचार जरूर करा.

आणि कॉपी सुरू करण्याआधी यूपीएसची बॅटरी तेवढी बघून घ्या. मध्येच लाइट गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.