काम सुरू करणे सोपे, मध्येच थांबवणे अवघड

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तुम्ही घरातील मोठ्या माणसांकडून ऐकले असेल. मिरजेहून निघालेली पहिली गाडी सुमारे ३४० किलोमीटर धावून १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोहोचली. तिला १० वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या धावू लागल्या आणि एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले.

गाडी एक, पण तिच्यामागे कामे किती! वाघिणी आतून स्वच्छ हव्यात, म्हणून त्या राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कार्यशाळेत वाफेने धुतल्या गेल्या. मिरजेला त्या भरायच्या, लातूरला रिकाम्या करायच्या, पाणी विहिरीत साठवायचे, मग ते शुद्धीकरण केंद्राकडे न्यायचे. समजा, लातूरला पाणी उतरवून घेण्याची सोय होण्याआधीच गाडी येऊन उभी राहिली, तर? किंवा मिरजेला वाघीण अर्धी भरलेली असताना ‘काम थांबवा’ असा हुकूम आला आणि भरणारा माणूस तोटी उघडी टाकूनच निघून गेला, तर? तहानलेल्या गावाचे पाणी जमिनीवर वाहून जाईल.

जेथे अनेक कामे एकाच वेळी चालतात, तेथे हे दोन प्रश्न हमखास उभे राहतात. काम नेमके केव्हा ‘सुरू झाले’ म्हणायचे? आणि ते मध्येच रद्द करायचे झाले, तर कसे? संगणकाच्या आतही हेच दोन प्रश्न असतात. ते कसे सोडवले जातात, ते आपण पाहू.

एक संगणक, अनेक कामे

पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्यात एकच बलाढ्य प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून एक मोठे काम त्यांच्यात वाटून दिले होते. आज साध्या मोबाइल फोनमध्येही एकाहून अधिक प्रोसेसर असतात. शिवाय एकच प्रोसेसर आळीपाळीने अनेक कामांना थोडा थोडा वेळ देऊ शकतो. तुम्ही गाणे ऐकत असता, त्याच वेळी फोन एखादे चित्र उतरवून घेत असतो आणि घड्याळही चालू असते.

या कामांवर देखरेख करणारी एक व्यवस्था संगणकात असते. तिला ‘रनटाइम व्यवस्था’ म्हणतात. आपण तिला सोयीसाठी ‘मुकादम’ म्हणू. काम सुरू करून देणे, त्याची पाळी लावणे आणि गरज पडल्यास ते थांबवणे ही मुकादमाची जबाबदारी.

पूर्वतयारी

‘हे काम सुरू कर’ असे सांगताच काम सुरू होत नाही. मुकादम आधी त्याला स्मृतीत जागा देतो. मग त्या जागेत सुरुवातीच्या किमती भरतो, म्हणजे पाटी पुसून त्यावर पहिले आकडे लिहितो. त्यानंतर कामांच्या यादीत त्याचे नाव चढवतो. हे सर्व झाल्यावरच काम आपल्या पाळीची वाट पाहू लागते.

हा क्रम चुकला तर काय होईल? नाव यादीत आधी चढले आणि पाटी नंतर पुसली, असे समजा. मधल्या क्षणी दुसऱ्या एखाद्या कामाने या नव्या कामाकडे आकडा मागितला, तर त्याला पाटीवरचा जुनाच आकडा मिळेल. हा मधला क्षण सेकंदाच्या लक्षांश भागाएवढा असू शकतो. त्यामुळे चूक हजारदा दिसत नाही आणि एकदाच दिसते. अशा चुका शोधणे फार कठीण असते.

एकोणिसाव्या शतकातील गणिती एडा लव्हलेस यांचे नाव दिलेली ‘एडा’ नावाची संगणकभाषा आहे. तिचे पहिले प्रमाण रूप १९८३ मध्ये ठरले. या भाषेत मुख्य काम आपल्या हाताखालच्या कामांना सुरू करते, तेव्हा त्या सर्वांची पूर्वतयारी संपेपर्यंत ते स्वतः पुढे सरकत नाही. एखाद्याची तयारी फसली, तर सर्वांची तयारी आटोपल्यावर मुख्य कामाला तशी सूचना मिळते. सहलीला निघताना गुरुजी बस सुटण्यापूर्वी हजेरी घेतात, तसाच हा प्रकार.

चंद्रावर उतरताना

तयारीसाठी जागाच उरली नाही तर काय होते, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरत असताना यानातील संगणकाने ‘१२०२’ हा धोक्याचा आकडा दाखवला. त्याचा अर्थ होता : नव्या कामाला द्यायला स्मृतीत मोकळी जागा नाही. एका रडारच्या जोडणीकडून अनावश्यक संकेत येत होते आणि त्यांत संगणकाचा वेळ वाया जात होता. जुनी कामे वेळेत संपत नव्हती, नवी येतच होती.

पण तेथील कार्यव्यवस्था विचारपूर्वक बांधलेली होती. तिची आखणी अमेरिकेतील ‘एमआयटी’ या संस्थेतील हॅल लॅनिंग यांची होती. अशा प्रसंगी चालू असलेली सर्व कामे थांबवायची आणि ज्यांच्यावाचून चालणार नाही तेवढीच, आधी नोंदवून ठेवलेल्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करायची, अशी सोय केलेली होती. यान सुखरूप उतरले. थांबवण्याची तयारी आधीपासून केलेली होती, म्हणूनच थांबवणे धोक्याचे ठरले नाही.

किल्ली आणि वही

आता दुसरा प्रश्न. शाळेच्या प्रयोगशाळेची एकच किल्ली आहे, असे समजा. किल्ली ज्याच्याकडे, त्याने आत जाऊन साहित्याच्या वहीत नोंद करायची. एका विद्यार्थ्याला नोंद करता करता घरून बोलावणे आले आणि तो किल्ली खिशात घेऊनच गेला. बाकीचे दाराशी ताटकळत उभे! संगणकातही कामे अशा ‘किल्ल्या’ घेतात. किल्ली हाती असलेले काम मुकादमाने एकदम ठार केले, तर तिची वाट पाहणारी कामे कायमची अडकतात.

यावर उपाय सोपा वाटतो : थांबवताना त्याच्याकडची किल्ली काढून घ्यावी. ‘जावा’ या भाषेत सुरुवातीला तशी आज्ञा होती. तिने काम थांबे आणि किल्ल्या आपोआप परत मिळत. तरीही १९९८ च्या आवृत्तीपासून ही आज्ञा वापरू नये, असे सांगण्यात आले. का बरे? कारण किल्ली परत आली, तरी वहीतली नोंद अर्धीच राहिली! पुढचा विद्यार्थी दार उघडून आत जातो, ती नोंद खरी समजतो आणि तिच्यावर पुढचे गणित मांडतो. चूक आता सर्वत्र पसरते.

म्हणून दोन नियम पाळले जातात. पहिला : नाजूक कामाच्या मध्ये तोडायचे नाही. एडा भाषेच्या १९९५ च्या रूपात काही भाग असे ठरवलेले आहेत, की तेथे ‘रद्द करा’ हा हुकूम आला तरी तो भाग संपेपर्यंत अमलात येत नाही. सुरुवातीची आणि शेवटची आवराआवर अशाच भागांत मोडते. दुसरा : कामानेच ठरावीक ठिकाणी थांबून ‘मला थांबायला सांगितले आहे काय?’ असे पाहावे. सांगितले असल्यास घेतलेले सर्व परत करून मगच निघावे. अर्थात, जे काम फार क्वचित असे पाहते, ते थांबायलाही उशीर लावते. फार वेळा पाहिले तर पाहण्यातच वेळ जातो. यांतील मध्य साधणे हे आज्ञावली लिहिणाऱ्याचे कौशल्य.

आणि ज्या कामाची पूर्वतयारी सुरूच झालेली नाही, ते रद्द करायचे असेल तर? मग काहीच आवरायचे नसते. नुसते नाव खोडले की झाले.

वर्गात करून पाहा

दोन डब्यांत प्रत्येकी ५० चिंचोके ठेवा. दोन वह्या घ्या आणि प्रत्येक डब्याचा आकडा त्याच्या वहीत लिहा. एका विद्यार्थ्याने पहिल्या डब्यातून ५ चिंचोके काढून दुसऱ्यात टाकायचे आणि दोन्ही वह्या दुरुस्त करायच्या, असे वारंवार करावे. शिक्षकांनी पाठ फिरवून मनाला येईल तेव्हा ‘थांब’ म्हणावे. विद्यार्थ्याने जागच्या जागी थांबावे. आता दुसऱ्याने वह्यांतील आकड्यांची बेरीज करावी. ती दर वेळी १०० येते काय? आणि ती १०० आली, तरी प्रत्येक डब्यातील चिंचोके वहीतल्या आकड्याशी जुळतात काय?

नंतर नियम बदला. ‘थांब’ ऐकल्यावर चालू देवघेव पुरी करूनच थांबायचे. वीस वेळा करून दोन्ही निकाल लिहून ठेवा.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. चिंचोके हातात असतानाच थांबावे लागले आणि देवघेव पुरी करणे शक्यच नसले, तर काय करावे? एक इशारा देतो : पुढे जाता येत नसेल, तर मागे जाता येते. पण मागे जाण्यासाठी आधी कशाची नोंद करून ठेवायला हवी होती?