गतिरोधक मीच मागितला होता

या सदरात एरवी मी मधुमेह, रक्तदाब, उलट्या-जुलाब असे विषय घेतो. आज डांबराविषयी लिहिणार आहे. डॉक्टरने डांबराविषयी का लिहावे, असे वाटेल. पण गेली सत्तावीस वर्षे या गावात दवाखाना चालवताना जेवढे टाके घातले, जेवढे हात-पाय फळीला बांधून पुढे पाठवले, त्यांतले निम्मेअधिक रस्त्याने माझ्याकडे धाडलेले होते.

आमच्या गावाच्या मधून राज्यमार्ग जातो. बाजार, शाळा, एस. टी. स्टँड, देऊळ, सगळे त्याच्याच दोन्ही अंगांना. वडापच्या जीपा, वाळूचे डंपर, हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, हे सगळे त्याच रस्त्याने, आणि शाळेची पोरेही त्याच रस्त्याने. शाळेकडे वळण्याचा जो कोपरा आहे, तिथून माझा दवाखाना शंभर पावलांवर आहे. त्यामुळे त्या कोपऱ्यावर काय घडते ते मला फार लवकर कळते.

तीन वर्षांपूर्वी, जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. आठवीतला एक मुलगा सायकलवरून शाळेकडे वळत असताना मागून आलेल्या जीपने त्याला उडवले. लोकांनी त्याला उचलून माझ्याकडे आणले. मांडीचे हाड मोडले होते. हे हाड मोडले की बाहेर थेंबभर न दिसता आतल्या आत लिटरभर रक्त जाऊ शकते. सलाईन लावली, पाय नीट बांधला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवला. पोरगा वाचला. आता अकरावीला आहे, किंचित लंगडतो.

त्याच संध्याकाळी मी नगरपरिषदेला अर्ज लिहिला. शाळेच्या कोपऱ्यावर गतिरोधक बसवावा, एवढीच मागणी. हेडमास्तर, औषधांचे दुकानदार, रिक्षा स्टँडवरची मंडळी अशा पंचवीस-तीस सह्या घेतल्या. पहिली सही माझी. राज्यातल्या इतर पुष्कळ नगरपरिषदांप्रमाणे आमच्याकडेही तेव्हा नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आणि मी तो विसरूनही गेलो.

मग एके दिवशी सकाळी दवाखान्यात येताना माझी स्कूटर हवेत उडाली. रात्रीतून कोपऱ्यावर डांबराचा उंचवटा झाला होता. जवळच्या गल्लीतले काम उरकताना उरलेले डांबर ओतून घेतले होते, असे मागाहून समजले. हातभर रुंद आणि जवळजवळ वीतभर उंच. पांढरा पट्टा नाही, अलीकडे फलक नाही. खोटे कशाला बोलू, मला त्या दिवशी आनंदच झाला. दोन-तीन पेशंटना मी अभिमानाने सांगितलेही की हे आपल्या अर्जाचे फळ.

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमारास दवाखाना बंद करत होतो. एक तरुण आपल्या आईला घेऊन आला. पन्नाशीच्या बाई, माझ्या जुन्या पेशंट. मुलाच्या मागे मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या. कोपऱ्यावरचा दिवा गेलेला, वरून पाऊस, उंचवटा मुलाला दिसलाच नाही. गाडी उडाली आणि बाई मागच्या मागे पडल्या. क्षणभर शुद्ध गेली होती म्हणे. माझ्यासमोर मात्र त्या नीट बोलत होत्या. डाव्या कानाच्या वर टेंगूळ आले होते, बस्स.

"मावशी, डोक्याचा स्कॅन करायला हवा. आत्ताच्या आत्ता जिल्ह्याला जा," मी म्हणालो.

"अहो डॉक्टर, टेंगूळ तर आहे. ह्या पावसात कुठं जायचं? सकाळी जातो की," मावशी म्हणाल्या. मुलाने माझ्याकडे पाहिले, आईकडे पाहिले. मी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगायला हवे होते.

इथे थोडे शास्त्र सांगतो. कानशिलाच्या वरचे कवटीचे हाड पातळ असते आणि त्याला लागूनच आतून एक धमनी जाते. तिथे मार बसला की कधी कधी हाडाला तडा जातो, धमनी फाटते आणि कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. सुरुवातीला ते थोडे असते, म्हणून माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, चहा मागतो. घरच्यांना वाटते, टळले. हाच मधला काळ फसवा. काही तासांत रक्त वाढते, मेंदू दाबला जातो. डोके वाढत्या प्रमाणात दुखणे, पुन्हा पुन्हा उलट्या, ज्या वेळी झोप यायचे कारण नाही त्या वेळी गुंगी, बोलण्यात घोटाळा, एका हातापायातला जोर कमी होणे, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, आकडी, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. मार लागल्यावर क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, तर लक्षणांचीही वाट पाहू नये. जे लोक रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात त्यांनी तर साध्या टेंगळालाही हसू नये. आणि जखमेत हळद भरण्याने, डोके चोळण्याने आतल्या रक्ताचे काहीएक होत नाही.

मावशींना पहाटे तीनला उलट्या सुरू झाल्या. मुलाने १०८ ला फोन केला, गाडी आली, पण जिल्ह्याला पोहोचेपर्यंत उजाडले होते. शस्त्रक्रिया झाली. मावशी वाचल्या. उजव्या हातात पूर्वीचा जोर नाही, आणि बोलताना नेमका शब्द हाताशी येत नाही. पूर्वी त्या लग्नकार्यात शंभर माणसांच्या पुरणाचा अंदाज तोंडी सांगत. आता सुनेकडे पाहून थांबतात.

दोन महिन्यांनी तपासायला आल्या, तेव्हा सावकाश, शब्द गोळा करत म्हणाल्या, "तो... तो उंचवटा... कुणी मागितला असेल हो तिथं?"

मी काही बोललो नाही. आज इथे लिहितो आहे.

त्यानंतर मात्र मी हा विषय जरा नेटाने वाचला. वेग कमी व्हायला हवा, ही माझी मागणी चूक नव्हती. हिशेब पाहा. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी गाडी आदळणे म्हणजे सुमारे साडेतीन मीटरवरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पडण्याइतका वेग. ताशी ५० म्हणजे तिसरा मजला. ताशी ६० म्हणजे जवळजवळ पाचवा. मूल आडवे आले हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ३० च्या वेगाची गाडी आठ मीटर पुढे जाते आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणखी पाच मीटरांत थांबते. ५० च्या वेगाची गाडी त्या पहिल्या सेकंदातच चौदा मीटर जाते. म्हणजे मूल पंधरा मीटरवर असेल, तर पहिली गाडी त्याच्या अलीकडे थांबलेली असते आणि दुसरीचा ब्रेक नुकता कुठे दाबला जात असतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मधल्या स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेने, जिथे पायी माणसे आणि वाहने एकत्र असतात तिथे ३० ची मर्यादा असावी, असे म्हटले. आपल्याकडे केंद्राने एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यावर मोटारींना कमाल ७० आणि दुचाकींना ६० ठरवून दिले. आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर कुणी ७० ने गेला तर तो पाचव्याच्याही वरच्या मजल्याच्या वेगाने जात असतो, हे लक्षात घ्या.

राज्य सरकारला याहून कमी मर्यादा ठरवता येते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ११२ तसे सांगते: सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे गरज असेल, तर राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकरण राजपत्रात अधिसूचना काढून आणि फलक लावून एखाद्या रस्त्यापुरती मर्यादा घालू शकते. महिनाभरापेक्षा जास्त नसलेल्या मर्यादेला राजपत्रही लागत नाही. जत्रा, उरूस असणाऱ्या गावांनी हे ध्यानात ठेवावे.

हे कळल्यावर मी नगरपरिषदेत गेलो. तिथले अभियंते सज्जन माणूस. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "डॉक्टर, वेग ठरवणं आमच्याकडे नाही हो. रस्ता तर बांधकाम खात्याचा. आम्ही फलक लावला तरी पोलीस त्यावर दंड करू शकणार नाहीत."

"मग डांबर कोणाच्या परवानगीने टाकलं?"

यावर ते हसले. पण खरेच हसण्यासारखे होते का? विलायतेत वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची मर्यादा लागू झाली, आणि कोणता रस्ता त्यातून वगळायचा हे तिथल्या स्थानिक कौन्सिलने ठरवायचे आहे. त्यावर तिथे भांडणेही भरपूर झाली. पण भांडायला जायचे कुठे, हे तरी लोकांना ठाऊक होते. आपल्याकडे रस्ता एकाचा, दिवा दुसऱ्याचा, शिट्टी तिसऱ्याची.

तरीही नगरपरिषदेचे हात रिकामे नाहीत. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात सार्वजनिक रस्त्यांवर दिवे लावणे आणि रस्त्यातले अडथळे दूर करणे ही त्यांची बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत. त्या रात्री दिवा असता तर? टपऱ्यांनी पदपथ खाल्ला नसता, तर तो मुलगा सायकल घेऊन डांबराच्या मधोमध आला असता का?

गतिरोधकालाही शास्त्र आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे साधा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ च्या आसपास वेगाने तो सुखाने ओलांडता यावा, असा त्याचा उतार. अलीकडे सूचना फलक, अंगावर काळे-पांढरे पट्टे. आमचा होता तो गतिरोधक नव्हता, ती भिंत होती. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८ अ मध्ये तर, मानकाप्रमाणे रस्ता न राखल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरणाला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

मग मी दुसरा अर्ज केला, या वेळी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे. ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. जिल्हाधिकारी तिचे काम पाहतात, पोलीस, परिवहन, बांधकाम ही खाती तिच्यात असतात. तिथे मला विचारण्यात आले की ही जागा 'ब्लॅक स्पॉट' आहे का. राष्ट्रीय महामार्गांसाठीची व्याख्या अशी, की सुमारे पाचशे मीटरांच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू. आमच्या कोपऱ्यावर तेवढे मेलेले नव्हते. आणि जे पडले, खरचटले, मनगट मोडून घेतले, ते पोलिसांत न जाता माझ्याकडे आले; त्यांची नोंद फक्त माझ्या केसपेपरवर. मी घरी येऊन जुने केसपेपर काढले आणि नावे न घालता तारीख, वेळ, इजा एवढेच एका वहीत उतरवले. पहिली तीन पाने भरली. ती वही मी समितीपुढे ठेवली. माझ्या गावोगावच्या डॉक्टर मित्रांना विनंती, अशी एक वही तुम्हीही ठेवा.

रस्ता सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवरच्या दोन गोष्टी. हेल्मेटने मोटारसायकलवरच्या माणसाच्या डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित तपासणीत दिसले आहे. कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही लागते. मावशींना अंबाडा होता, हेल्मेट बसत नाही, असे त्या म्हणत. बाजारभर फिरून अंबाड्यासकट बसणारे हेल्मेट मी शेवटी शोधून काढले; दवाखान्यात ठेवले आहे, पाहून जावे. दुसरे, अपघात दिसला तर मदत करायला घाबरू नका. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४ अ प्रमाणे सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या योजनेत अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळण्याची सोय आहे. पैशांची जुळवाजुळव करत तासभर घरी बसू नका.

आमच्या कोपऱ्यावरचा तो उंचवटा दिवाळीनंतर खरवडून काढला आणि मानकाप्रमाणे नवा केला. पट्टे मारले, फलक लागला. वेगमर्यादेची अधिसूचना अजून निघालेली नाही. मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी विचारतो. मावशी परवा त्या रस्त्याने पायी आल्या, सुनेचा हात धरून, आणि मी त्यांना पहिल्या अर्जाची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पोरासाठी... मागितलात ना?" आणि औषधाची चिठ्ठी घेऊन गेल्या.

कोपऱ्यावरचा दिवा गुरुवारपासून पुन्हा बंद आहे. तक्रार नोंदवली आहे. तिचा क्रमांक प्रिस्क्रिप्शनच्या पॅडमागे लिहून ठेवला आहे.