चावी देण्यापूर्वी कागद

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या आपल्या झरीसारख्या गावात निवृत्तीची रक्कम हाती आली, की माणूस दोन खोल्या बांधून भाड्याने देण्याचा विचार करतो. कोणी गावात रस्त्याकडेला गाळा काढतो, तर कोणी परभणीला विद्यापीठातल्या मुलांसाठी खोल्या घेतो. वकिलीमुळे अशी मंडळी माझ्याकडे येतात आणि त्यांचे प्रश्न बहुधा तेच असतात.

पहिला प्रश्न : परवडेल का? समजा, खोल्यांना आठ लाख लागले आणि महिना तीन हजार भाडे आले. वर्षाचे छत्तीस हजार झाले. त्यातून एक महिना घर रिकामे, रंगरंगोटी, नळदुरुस्ती आणि घरपट्टी वजा करा. हाती तीस हजारांच्या आसपास, म्हणजे शेकडा चारपेक्षाही कमी उरतात. बँकेतल्या ठेवीच्या व्याजाशी हा आकडा ताडून मगच विटा आणाव्यात. प्राप्तिकर मोजताना घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यातून 30 टक्के सूट मिळते, हेही लक्षात ठेवावे. घर विकत घेताना केवळ नमुना आठच्या उताऱ्यावर विसंबू नये. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. खरेदीखत पाहावे.

दुसरा प्रश्न भीतीचा : बारा वर्षे राहिला की भाडेकरू मालक होतो का? नाही. तो तुमच्या परवानगीने राहतो, म्हणून केवळ वर्षे मोजून घर त्याचे होत नाही. पण तो भाडेकरू आहे हे दाखवणारा कागदच नसेल, तर तेच सिद्ध करता करता तुमची चप्पल झिजते.

तिसरा प्रश्न : अकरा महिन्यांचा नोटरी केलेला कागद चालेल ना? एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला 1908 च्या कायद्याने नोंदणी लागते, त्यातून हा अकरा महिन्यांचा रिवाज पडला. पण महाराष्ट्रात पुढे नियम बदलला. मराठवाड्यात पूर्वी 1954 चा हैदराबादचा भाडेकायदा होता. मुंबईचा आणि विदर्भाचा वेगळा. ते तिन्ही जाऊन 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरतात. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे.

राहण्याच्या घरासाठी लीव्ह अँड लायसन्सचा नोंदवलेला करार केला, तर मुदत संपल्यावर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो. घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. दुकानाच्या गाळ्याला मात्र ही सोय नाही.

हा कायदा प्रत्येक खेड्याला लागू नाही. तुमची जागा त्यात येते का, हे आधी वकिलाकडून पाहून घ्यावे. येत नसेल तर 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा असतो. त्यात महिन्याच्या भाडेकरूला, करारात वेगळे काही नसेल तर, पंधरा दिवसांची नोटीस लागते. कागद तिथेही हवाच.

शेवटचा प्रश्न रागाच्या भरात येतो : भाडे थकले, वीज तोडू का? मुळीच नाही. भाडे नियंत्रण कायद्यात वीज-पाणी तोडणे हाच गुन्हा आहे. भाडे थकले तर लेखी नोटीस द्यावी आणि कोर्टाची वाट धरावी. कुलूप बदलणारा मालक आपली बाजू स्वतःच दुबळी करतो.

म्हणून भाडेकरू नात्यातला असो की ओळखीचा, चार गोष्टी कराव्यात. करार नोंदवावा. भाडे, अनामत आणि मुदत त्यात स्पष्ट लिहावी. भाडे घेतले की पावती द्यावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात कळवावी. पाहुण्याकडे कागद कसा मागायचा, असे अनेकांना वाटते. मी सांगतो, आज निःसंकोच मागा. कागद नसल्यामुळे नाती तुटलेली मी कितीतरी पाहिली आहेत, कागदामुळे तुटलेले नाते फारसे आठवत नाही. आयुष्यभराची कमाई ज्या दोन खोल्यांत घातली, त्यांची चावी सही झाल्यावरच हातातून सोडावी.